अचलचा रिकामा फुगा

अनुज शिर्केचं वाक्य पुरं करणं हा साऱ्या बडोद्याचा जन्मसिद्ध हक्क होता. तो बोलताना अडखळायचा. शब्द ओठांशी येऊन अडून बसायचा, आणि तेवढ्यात समोरचा माणूस मदतीला धावायचा. सेव-उसळवाल्यापासून गोरव्याच्या कारखान्यातल्या साहेबापर्यंत सगळे धावायचे. घरी पाहुणे आले की वडील धनाजीराव त्याच्या वतीनं त्याची नोकरी, तब्येत आणि लग्नाविषयीचं मतसुद्धा सांगून मोकळे व्हायचे. माणसं वाईट नव्हती, हेच तर खरं दुखणं. वाईट माणसावर निदान खेकसता येतं.

म्हणून त्याचा जीव अचलवर. अचल हा कॉमिक्समधला महानायक. एकदा पाय रोवले की त्याला रणगाडाही हलवू शकत नाही, एवढीच काय ती त्याची शक्ती. उडणं नाही, डोळ्यांतून आग ओकणं नाही. आणि त्याचं बोलणं वाचकाला कधी कळत नाही. कुणी त्याला काही विचारलं, की पुढच्या चौकटीत त्याच्या डोक्यावर संवादाचा एक रिकामा फुगा असतो, आत अक्षर नाही. बाकीची माणसं नुसती उभी असतात. मग ती कामाला लागतात, म्हणजे त्यानं काहीतरी सांगितलेलं असतं.

गेल्या वर्षी अचलची कार्टून मालिका आली. दुसऱ्याच भागात एका शास्त्रज्ञानं त्याचा घसा दुरुस्त केला आणि गडी जो बोलत सुटला तो थांबेचना. आवाज असा भरदार की निवडणुकीला उभा राहिला असता तर निवडून आला असता. अनुजनं तो भाग पाहिला आणि रात्रभर चरफडत राहिला.

आता मालिकेचा दुसरा हंगाम येणार होता. त्याआधी बनवणाऱ्यांनी चाहत्यांची मतं मागवली होती, व्हिडिओवर, प्रत्येकी एक मिनिट. म्हणून रविवारी सुभानपुऱ्यात, उत्कर्षच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, अचलचे बडोद्यातले चाहते जमले. मोबाइल स्टँडवर लावून उत्कर्ष चित्रण करत होता.

पहिला हेरंब मोबाइलसमोर आला. "कॉमिकवाल्यांना संवाद लिहायचा कंटाळा, दुसरं काय! रिकामे फुगे काढायचे न् पानं भरायची. मालिकेनं त्या बिचाऱ्याला आवाज दिला. एकदम झकास काम!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या 'बिचाऱ्या'नं अनुजच्या अंगाची लाही लाही झाली.

चाहत्यांच्या मोबाइलवरच्या गटात, जिथं नुसतं लिहायचं असतं, तिथं अनुज वाघ होता. तिथं त्यानं याच हेरंबाला कितीदा धूळ चारली होती. पण समोरासमोर बसलं की सगळी धार म्यानात. आजही त्यानं आपलं म्हणणं लिहून आणून यशश्रीच्या हातात दिलं होतं. यशश्री सोसायटीच्या गरब्यात निवेदन करायची. तिचा आवाज गोड आणि शब्द स्वच्छ.

"मी वाचते हं अनुजचं," ती पुढे येत म्हणाली. "फार सुरेख लिहिलंय यानं."

तिनं वाचलं असतं तर काम फत्ते झालं असतं, हे अनुजला पक्कं ठाऊक होतं. ऐकणाऱ्यांना पटलं असतं, कदाचित अचलचा फुगाही परत मिळाला असता. त्यानं स्वतः तोंड उघडलं तर हसं व्हायची धास्ती होती. पण मालिकेनं तरी दुसरं काय केलं होतं? अचलच्या तोंडात दुसऱ्या कुणाचा तरी गोड आवाज कोंबला होता. आपणही तेच करून घ्यायचं, तर मग भांडायचं कशासाठी?

त्यानं पुढे होऊन तिच्या हातातला कागद घेतला आणि घडी घालून खिशात टाकला. यशश्री बघतच राहिली. तो मोबाइलसमोर गेला आणि पाय रोवून उभा राहिला.

"मा..." शब्द अडला.

"मालिका?" उत्कर्षनं हात दिला.

"नाही."

"माझं मत?" हेरंब म्हणाला.

"नाही!" अनुज म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "मा... माझ्यासाठी कुणी बोलू नका."

खोलीत चुळबुळ झाली. उत्कर्ष समजुतीनं म्हणाला, "तू बोल ने यार, टेन्शन नको घेऊ. मधल्या थांबायच्या जागा मी नंतर कापून टाकतो. कुणाला कळणारपण नाही."

"एकही का... कापायची नाही," अनुज म्हणाला. त्याचे कान तापले होते, पण भीतीनं नव्हे. इतक्या वर्षांचा राग होता तो, आणि आज त्याला वाट सापडली होती.

मग तो बोलला. अडत, थांबत, पुन्हा मागे जाऊन शब्द उचलत बोलला. मिनिट केव्हाच उलटून गेलं. अचल मुका नाही, तो म्हणाला. तो बोलतो. फुगा रिकामा आहे तो कंटाळ्यानं नाही. फुग्याखाली बघा. तिथं माणसं उभी आहेत. शत्रू दाराशी आलाय, तरी त्याच्या वतीनं कुणी बोलत नाही, कुणी घड्याळ बघत नाही. अशी माणसं मला फक्त त्या कॉमिकमध्ये भेटली.

यशश्रीनं मान खाली घातली. हेरंबाचा हात मनगटातल्या घड्याळाकडे निघाला होता, तो तिथंच राहिला.

"तुम्ही त्याचा घसा दुरुस्त केलात," अनुज थेट मोबाइलकडे बघत म्हणाला. "घशाला काही झालंच नव्हतं. पण त्याच्यासाठी थांबणारी माणसं तुम्ही काढून टाकलीत. आवाज ठेवा तुमच्याकडे. ती माणसं परत..."

शेवटचा शब्द अडला. छोटासा शब्द, तो कोणता हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हेरंबाचे ओठ हलले आणि त्यानं ते घट्ट मिटून घेतले. उत्कर्षचा हात मोबाइलजवळ होता, पण त्यानं चित्रण बंद केलं नाही. खाली दुकानात झेरॉक्सचं मशीन घरघरत राहिलं. सगळे नुसते उभे होते.

"द्या," अनुज म्हणाला.