मोहफुलांत निजलेली धुलाई मशीन

मित्रांनो, बोलता बोलता मला मध्येच डुलकी लागली तर रागावू नका. सात वर्षे मी मोहफुलांच्या वासात निजून काढली आहेत आणि ती गुंगी अजून पुरती उतरलेली नाही. मी कपडे धुण्याची जुनी मशीन आहे, हाताने फिरवायची. विजेशी माझी ओळख नाही. लाकडी फळ्यांचे गोल पिंप, खाली चार लोखंडी पाय, आत कपडे घुसळणारी लाकडी रवी, बाजूला दांडा आणि डोक्यावर कपडे पिळणारे दोन रबरी रूळ, एवढीच मी. पण माझ्या झाकणावर कारखान्याचे नाव कोरलेली पितळी पट्टी आहे आणि तिचा मला फार तोरा आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. जहाजाने मी मुंबईला आले, आगगाडीने बल्लारशाला आणि तिथून बैलगाडीने आलापल्लीच्या सागाच्या जंगलात. वाटेत वैनगंगा लागली. मला गाडीसकट मोठ्या डोंग्यावर चढवले. एवढे पाणी मी कधी पाहिले नव्हते. मला वाटले, हे सगळे आपल्यालाच घुसळायचे आहे की काय!

तिथल्या गोऱ्या जंगलसाहेबाच्या मडमेने मला मागवले होते. तिचे झालरीचे झगे, साहेबाचे खाकी सदरे मी धूत असे. दूरदूरचे पाहुणे मला बघायला येत. कौतुकाने मी फुगून जाई. मग देश स्वतंत्र झाला, साहेब-मडम निघून गेले आणि मला डाकबंगल्याच्या मागच्या खोलीत ढकलून दिले. तिथला चौकीदार लटारू भला माणूस होता, पण त्याला माझा उपयोग एकच दिसला. त्याने माझ्या पोटात वाळलेली मोहफुले भरली आणि झाकण लावले.

काय सांगू तुम्हाला तो वास! गोड, जड, डोळे मिटवणारा. मी निजले ती निजलेच. स्वप्नात मी अख्खी वैनगंगा धुवून, पिळून सागाच्या फांद्यांवर वाळत घालत असे. ती वाऱ्यावर निळीनिळी हलत असे आणि हरणे तिच्याखालून जात. इकडे माझ्या फळ्या सुकून त्यांच्यात फटी पडत होत्या, रुळांचे रबर तडकत होते. मला त्याचा पत्ताही नव्हता.

एके दिवशी झाकण उघडले आणि एक दाढीवाला चेहरा आत डोकावला. तो होता अहेरीचा गुलाम रसूल. बंगल्याचा पंप दुरुस्त करायला आला होता. मित्रांनो, या माणसाला जुन्या मशिनी गोळा करायचा नाद होता. मुके झालेले ग्रामोफोन, लंगडी शिवणयंत्रे, बंद घड्याळे, सगळी तो घरी आणी आणि बरी करी. त्याने बोटाने पट्टीवरची धूळ पुसली आणि तिथूनच हाक मारली.

"लटारूभाऊ, हे काय ठेवलं तुमी इथी?"

"ते? जुनं लाकूड हाय जी. जाळाले काढलं हाफिसानं. तुमाले पाहिजे तं घेऊन जा, पण माह्या मोहाले एखांदा पिपा देजा."

अशी मी एका पत्र्याच्या पिपाच्या बदल्यात चुलीतून वाचले. घरी पोचताच रसूलची बायको जाहिदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घर है की भंगारखाना? आता मी माह्यावाल्या घागरी कुठी ठेवू?" रसूल हसला फक्त.

पावसाळा संपल्यापासून तो माझ्यामागे लागला. आधी त्याने मला रोज पाण्याने भरले. पहिल्या दिवशी मी चाळणीसारखी गळले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण तो भरत राहिला आणि आठ दिवसांत माझ्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट बिलगल्या. शिवण झाडाच्या लाकडाचे नवे रूळ करून त्यांवर त्याने सायकलची जुनी ट्यूब चढवली. दांड्याजवळच्या एका दातेरी चाकाचा तुटलेला दात पितळेने भरला. मशिनीचे तेल मिळेना, तेव्हा गाडीवान बैलगाडीच्या आसाला देतात तसे मोहाच्या बियांचे तेल माझ्या चाकांना दिले. त्याच्या लोहारकामाच्या भात्याजवळच्या उबेत ते पाण्यासारखे पातळ होते. मी सरसर फिरू लागले. रसूल माझ्याकडे बघत बसे आणि म्हणे, "तू माह्या घरची राणी." मी खरेच स्वतःला राणी समजू लागले.

अशात एकदा मनकर्णा परटीण तिची कोळशाची इस्त्री जोडायला घेऊन आली. ती बाळंतपणाच्या दवाखान्याच्या चादरी धूत असे. तिची मनगटे सुजली होती, इस्त्री तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणली होती. रसूल तेव्हा एक ओली गोधडी माझ्या रुळांतून काढत होता. पाणी धो धो गळले आणि गोधडी चपटी होऊन बाहेर आली. मनकर्णा बघतच राहिली.

"रसूलभाऊ, माह्या हातानं आता पिळणं होत नाई," ती म्हणाली. "नर्सबाईनं सांगतलं, सोमवारपासून दुसरी बाई लावतो. मले द्या ना हे मशीन."

रसूल इस्त्री घेऊन भात्याकडे वळला. दोन दिवस तो माझ्याजवळ फिरकलाही नाही. मी मनात म्हणत होते, नको देऊ रे! मला चादरी धुवायच्या नव्हत्या, मला कौतुकात राहायचे होते. हे सांगताना मला लाज वाटते, पण खोटे कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी त्याने पट्टी घासूनपुसून चकचकीत केली आणि गाडी मागवली.

तो पौषातला सोमवार होता. दवाखान्याच्या अंगणात दवाने गवत पांढरे झाले होते. मुख्य नर्स रुखमाबाई शाल घेऊन उभ्या होत्या. माझ्या पोटात पाणी आणि चादरी पडल्या. रसूलने ऐटीत दांडा धरला. दांडा हलेना! त्याने जोर लावला, पाय रोवले, घामाघूम झाला. पितळेचा नवा दात कुरकुरला. अजून एक हिसका, की माझा कायमचा निकाल होता.

"मनकर्णे, मी तुले काढून नाई राह्यली हौसेनं," रुखमाबाई म्हणाल्या. "पण वल्ल्या चादरीवर बाळंतिणीले कशी निजवू, सांग?" आणि त्या जायला वळल्या. रसूलने दांडा सोडला. त्याची मान खाली गेली. मला तर वाटले, यापेक्षा चूल बरी होती.

मनकर्णा मात्र माझ्याजवळ आली. तिने सुजलेले बोट माझ्या चाकांत घातले. बोटाला तुपासारखे पांढरे काहीतरी लागले. तिने वास घेतला आणि ती खुदकन हसली.

"अवो रसूलभाऊ, मोहाचं तेल काऊन घातलं? थंडीत गोठते ना ते! माह्या घरच्या दिव्यात बी दगड होऊन बसलं आज."

रसूलने कपाळावर हात मारला. जंगलात जन्म गेला त्याचा, पण हिवाळाभर भात्याजवळ बसणाऱ्याला थंडी कुठून दिसणार? मनकर्णाने कपड्यांच्या भट्टीवरून कढत पाण्याचा तांब्या आणला आणि धार धरली, हळूहळू, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावे तशी. पांढरे तेल वितळून ओघळले. माझी हाडे सैल झाली.

"आता तुमी फिरवा," रसूल बाजूला होत म्हणाला.

तिने एका हाताने दांडा फिरवला. मी फिरले! पहिली चादर रुळांतून बाहेर आली तेव्हा रुखमाबाईंनी ती गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या बी येजो मनकर्णे." मनकर्णा पदरात तोंड लपवून रडली. रसूल रिकाम्या गाडीत बसून घरी गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही, पण त्याचे खांदे मला दिसत होते.

याला आता पाच वर्षे झाली. माझी पट्टी काळी पडली, तोरा उतरला. तरी एक सकाळ मी विसरत नाही. मी आले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मनकर्णा कामावर आली, तेव्हा तिच्या मनगटांची सूज उतरली होती आणि केसांची घट्ट, नीट वेणी होती. बायकांनी विचारले, कोणी घालून दिली? ती म्हणाली, "मीनंच घातली. दोन वर्षानं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना वेळेवर तेल द्या, हे तर मी सांगेनच; म्हाताऱ्यांना सांगायला आवडते. पण नुसती पट्टी पुसून आम्हाला कोपऱ्यात मिरवायला ठेवू नका. ज्याचे हात दुखत असतील, त्याच्या घरी आम्हाला नेऊन ठेवा.