डेलियाच्या डोळ्यात गेलेली धूळ

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पण ज्याच्यावर सिनेमा दिसतो तो पडदा मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तो पांढरा होता, सगळे त्याच्याकडे टक लावून बसायचे. मी जाड, डाळिंबी रंगाचा, आणि लोकांना काही दिसू न देणं हेच माझं काम. हैदराबादेत आबिड्सकडून नारायणगुड्याला जाताना एक थेटर होतं. त्यात मागच्या बाजूला बायकांना बसायची वेगळी जागा होती, तिला जनाना म्हणत. त्या जनान्यापुढे मी टांगलेला असे.

माझा जन्म मात्र थेटरसाठी झाला नव्हता. एका नवाबसाहेबांच्या देवडीसाठी, म्हणजे वाड्यासाठी, मला शिवलं होतं. म्हाताऱ्या दर्ज्याने, म्हणजे शिंप्याने, छत्तीस पितळी कड्या स्वतःच्या हाताने टाचल्या, माझ्यावर त्याचा फार जीव होता. पण पहिल्याच धुण्यात माझा रंग गेला आणि बेगमसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र चादरी गुलाबी झाल्या. मी त्याच दिवशी परत आलो. मग दर्ज्याने मला थेटरच्या मालकाच्या गळ्यात मारलं. "अंधेरे में रंग कौन देखता मियाँ?" असं तो म्हणाला. मला ते फार लागलं, पण माझी सोय झाली.

थेटरातला नियम सोपा होता. दिवे लागले की मी बंद, दिवे गेले की मी उघडा. उजेडात पुरुषांच्या नजरेला बायका पडू नयेत आणि अंधारात बायकांना सिनेमा दिसावा, एवढ्यासाठी ही सारी यातायात. माझी दोरी चाँदबीच्या हातात असे. चाँदबी अंगाने भरभक्कम होती आणि तिच्या तोंडात कायम पान. दिवे लागायच्या आधी घंटी वाजे, की ती ओरडे, "बत्ती आरी बेगमां, संभालो!" आणि एका हिसड्यात मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून टाके. सिनेमा चालू असताना मी डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन उभा राही आणि तिथून मलाही सिनेमा दिसे.

तिथेच मला डेलिया वॉर्डन भेटली. सातासमुद्रापलीकडच्या हॉलिवूडची ती नटी. तिचे अकरा सिनेमे मी पाहिले, आणि एकेक सिनेमा आठवडाभर, रोज. एवढं तिला पुढे तिच्या नवऱ्यानेही पाहिलं नसेल. ती दीपगृहात राहणारी मुलगी झाली, धोबीण झाली, एकदा तर मिशा लावून आगगाडी चालवली. डेलिया भुवयांनी बोलायची. तेव्हा सिनेमे मुके होते, तरी तिची उजवी भुवई वर गेली की समोरचा माणूस खोटं बोलतोय हे शेवटच्या रांगेतही कळे. हातमोजे तर असे काढायची की बघत राहावं. आनंदात असली की अंगठ्यापासून सुरुवात, रागात असली की करंगळीपासून. मी वर्षानुवर्षं हे ताडून पाहिलेलं आहे. दोष काढायचाच तर एवढाच, की तिला भोवळ आली तरी ती कोचावरच पडायची, जमिनीवर कधी नाही. आणि ती फक्त एकाच डोळ्याने रडते असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे कळलं की कोपऱ्यातून मला तिचं अर्धंच तोंड दिसत होतं.

माझ्याहून मोठी डेलियाभक्त एकच होती. इंदुमती उमरीकर. तिचे यजमान नरहरराव हायकोर्टात वकील. घराणं जुनं, तीन पिढ्या सरकारी नोकऱ्या नाहीतर वकिली करणारं. इंदुमती घरी शिकून इंग्रजी वाचायला लागली होती. पण सुनेने एकटीने सिनेमाला जायचं म्हणजे त्या घरात अब्रह्मण्यम. सोबत कोणी वडीलधारं हवं. ते वडीलधारं माणूस म्हणजे तिच्या सासूबाई, आणि त्या तिच्या सख्ख्या आत्या. मराठवाड्याकडच्या घरांतून आत्याच्या घरी भाची द्यायची रीत आहेच. म्हणून ती त्यांना आत्याबाई म्हणे. दर गुरुवारी दुपारी नरहरराव कोर्टात गेले की दोघी पडदा लावलेल्या टांग्यातून यायच्या आणि अगदी माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर बसायच्या.

मुक्या सिनेमात मधूनमधून इंग्रजी अक्षरं येत. ती इंदुमती वाचायची आणि आत्याबाईंना मराठीतून सांगायची. सांगताना मात्र तिची फार कसरत व्हायची. कारण हॉलिवूडचे लोक मित्रांनो, वेळकाळ न पाहता एकमेकांच्या गळ्यात पडतात. असलं काही आत्याबाईंच्या ध्यानात आलं असतं, तर गुरुवार कायमचा बंद झाला असता.

"कोण गं हा?" आत्याबाई विचारायच्या.

"तिचा मामेभाऊ, आत्याबाई."

"मग इतका जवळ का आलाय?"

"तिच्या डोळ्यात धूळ गेलीय. फुंकर घालतोय."

आत्याबाईंना ते पटलं. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या सिनेमात दुसरा मामेभाऊ आला आणि पुन्हा धूळ गेली. तिसऱ्या गुरुवारी तर दोनदा गेली.

"हिच्या डोळ्यात फारच धूळ जाते गं," आत्याबाई कळवळून म्हणाल्या. "तिकडे अंगणात सडा घालत नाहीत वाटतं."

मागच्या रांगेतल्या बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. पण एकीनेही कधी इंदुमतीला उघडं पाडलं नाही. उलट त्याही तिची गोष्ट ऐकायला खुर्च्या सरकवून जवळ यायच्या. इंदुमतीची डेलिया शनिवारचा उपास करायची, सासऱ्यांना विचारल्याशिवाय जहाजात बसायची नाही आणि खलनायकाला आधी दोन समजुतीच्या गोष्टी सांगून मग पिस्तूल रोखायची. खरं सांगायचं तर काही सिनेमे त्यामुळे सुधारलेच.

मग बोलपट आला. डेलिया बोलू लागली. तिचा आवाज घोगरा निघाला, आणि पुरुषांच्या बाजूला बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. मला मात्र तो आवडला. मीही जाडाभरडाच. पण इंदुमतीची पंचाईत झाली. तिचं इंग्रजी वाचून आलेलं. पडद्यावरचं ते भराभर बोलणं तिला ओ की ठो कळेना. आता ती सगळंच्या सगळं मनाने रचू लागली.

एका गुरुवारी मागे सिकंदराबादच्या एका दवाखान्यातली नर्स येऊन बसली. तिचं नाव मिस रोझ. इंग्रजी तिच्या घरचंच. तिने अर्धा तास इंदुमतीची गोष्ट ऐकली आणि तिला राहवेना. "नै नै बाईजी," ती पुढे वाकून म्हणाली, "वो सत्यनारायण की पूजा का नै बोल रई. वो बोल रई, मैं मेरे मरद को छोड़ देतूं!"

आत्याबाईंनी सावकाश मान वळवली.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमची डेलिया तुमच्यापाशी. आमची असं बोलत नाही."

मिस रोझ हसायला लागली ती थांबेचना. त्या दिवसापासून तीही दर गुरुवारी इंदुमतीची गोष्ट ऐकायला येऊ लागली.

अशी तीन-चार वर्षं गेली. मधल्या काळात आत्याबाई घरात दोनदा उंबऱ्याला अडखळल्या. नरहरराव इंदुमतीला म्हणाले, "आईच्या डोळ्यांना सिनेमाचा त्रास होतोय असं दिसतं. आणखी काही झालं तर हे बंद." आत्याबाईंनी ते उडवून लावलं. "माझे डोळे लख्ख आहेत. उंबराच वाकडा बसवलाय." हे सगळं इंदुमती मध्यंतरात मिस रोझला सांगत असताना मी ऐकलं.

आणि मग डेलियाचा शेवटचा सिनेमा आला. ती लग्न करून सिनेमाच्या धंद्यातून बाहेर पडणार अशी बातमी होती. जनाना खच्चून भरला. दिवे गेले, संगीत सुरू झालं, चाँदबीने दोरी ओढली आणि मी हललोच नाही. माझी सतरावी कडी दांड्याच्या वाकात अडकली होती. चाँदबीने जोर लावला, शिव्या दिल्या, स्टुलावर चढली. पलीकडे डेलिया बोलत होती आणि अलीकडे साठ बायका माझ्या नावाने बोटं मोडत होत्या.

फक्त आत्याबाई शांत होत्या. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून त्या माझ्याकडेच बघत होत्या. चेहरा अगदी खुलला होता.

"काय सुंदर दिसतेय गं आज डेलिया," त्या म्हणाल्या. "झगा नवा आहे ना?"

बोटं मोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होतं, आणि तिला मी दिसत नव्हतो. मला रडू आलं, पण कापडाला ते दाखवता येत नाही.

इंदुमतीने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे. "हो आत्याबाई," ती म्हणाली. "नवा आहे. मोरपंखी."

"अम्माजान," स्टुलावरून चाँदबी भोळेपणाने बोलली, "परदा तो बंद है!"

आत्याबाईंचा चेहरा उतरला. कडी सुटली, मी उघडलो, पण त्या दोन खुर्च्यांवर सिनेमा कोणी पाहिला नाही.

"कधीपासून, आत्याबाई?" इंदुमतीने हळूच विचारलं.

"ती धोबीण झाली होती ना, तेव्हापासून. नुसता उजेड हलताना दिसतो." मग त्या कुजबुजल्या, "गप बैस. नरहरला कळता कामा नये. मी घरी बसले तर तुला इथं कोण पाठवणार आहे?"

मध्यंतरात मिस रोझने त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि इंदुमतीला माझ्या कडेला ओढून सांगितलं, "मोतिया है. पक गया. ऑपरेशन हो सकता, पर अब देर नक्को."

इंदुमतीने हिशोब मांडला. नरहररावांना सांगितलं तर गुरुवार गेला, डेलिया गेली, त्या घराबाहेरची तिची एकुलती एक दुपार गेली. नाही सांगितलं तर आत्याबाई अंधारात राहणार, आणि त्याही तिच्यासाठीच. तिने माझी कड मुठीत इतकी घट्ट धरली होती की ती चुणी अजून गेलेली नाही. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मी आजच सांगते."

त्यानंतर कितीतरी गुरुवार त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बातम्या मिस रोझ आणायची. आत्याबाईंनी सुनेला फितूर ठरवून आठ दिवस अबोला धरला. ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, उशाशी वाळूच्या पिशव्या लावून, मान न हलवता पडून राहायचं होतं. अबोला तिथेच सुटला, कारण दुसऱ्याच दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "नुसती काय बसलीस? ती आगगाडीवाली सांग." इंदुमतीने अकराही सिनेमे सांगितले, न पाहिलेला शेवटचासुद्धा. वॉर्डातल्या बाकीच्या बायका जेवणाची ताटं घेऊन खाटेभोवती बसायच्या.

पुढे काळ बदलला, जनान्याची पद्धत सुटत गेली आणि मला काढून थेटरच्या माळ्यावर टाकलं. आज तिथे उंदीर माझ्या कडेपासून जेवायला बसतात. दर्ज्याच्या छत्तीस कड्यांपैकी अकरा उरल्या आहेत. पण डेलियाचा तो शेवटचा सिनेमा लोकांच्या मागणीवरून पुन्हा आला तो दिवस अजून माझ्या धाग्याधाग्यात आहे.

आत्याबाईंनी पट्टी सुटल्यावर पहिली मागणी सिनेमाचीच केली होती, आणि नरहररावांनी स्वतः टांगा ठरवून दिला होता. त्या आल्या. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगंबाई, इतका विटका आहे हा? मला वाटलं मखमलीचा असेल."

मी ते मनाला लावून घेतलं नाही. दिवे गेले. चाँदबीने माझ्या सगळ्या कड्यांना तेल घातलं होतं, मी सर्रकन उघडलो. आत्याबाई पुढे वाकून बघू लागल्या. इंदुमती एक अक्षर बोलत नव्हती. तिचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते, कारण डेलियाच्या सिनेमात कधी ना कधी काय येतंच हे तिला, मला आणि अख्ख्या जनान्याला माहीत होतं.

ते आलं. जिन्याखाली उभ्या डेलियाला त्या मामेभावाने जवळ घेतलं. भिंगांतून सगळं स्वच्छ दिसत होतं. शिवाय शेवटचा सिनेमा म्हणून की काय, त्याने मुळीच घाई केली नाही. इंदुमतीने डोळे मिटून घेतले.

आत्याबाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग सावकाश चष्मा काढला, पदराने पुसला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी मिटली.

"इंदू," त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यात धूळ गेली बघ. आता तू सांग."

मित्रांनो, पडद्यांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवत जा, आम्हाला उंदरांची फार भीती वाटते. आणि घरातलं कोणी वयस्कर माणूस तुमच्या कपड्यांचं भरभरून कौतुक करू लागलं, तर प्रेमाने विचारा की रंग कोणता आहे. उत्तर चुकलं तर दवाखान्यात न्या. बरोबर आलं, तरी त्यांच्याजवळ बसा आणि एखादी गोष्ट सांगा.