सात ते सात चाळीस

मावशींनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि आत हात घालण्याआधी नाक जवळ नेलं. काही जळलंय का ते बघायची त्यांची ही जुनी पद्धत होती. वास नुसता धुळीचा होता. मग गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला, आतल्या वायरी बोटाने उचलल्या आणि तिथेच थांबल्या. वायरींचे जुडगे बुटाच्या लाल लेसांनी बांधलेले होते.

"हे लंब्याचं काम," त्या म्हणाल्या. "वायर बांधायला पट्ट्या मिळतात रे बाबा, म्हटलं तर म्हणे, लेस सोडता येते, पट्टी कापावी लागते. तुम्ही त्याच्या कोण?"

"बहीण. मोठी."

"म्हणजे ताई ती तू!" तुम्हीवरून तूवर त्या एका दमात आल्या. "तुझ्या नावाने इथे किती रडून गेलाय माहितीये? ताई प्रोसेसर घेऊ देत नाही, ताई म्हणते पुढच्या वर्षी बघू. असतो कुठे हल्ली? वर्ष होऊन गेलं, हुज्जत घालायला फिरकला नाही."

ताईने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. सांगायचं वाक्य तिला पाठ होतं. तेरा महिन्यांत बँकेत, दवाखान्यात, त्याच्या ऑफिसात, सगळीकडे ते सांगून झालं होतं. पण समोरची बाई हसत होती, आणि तेरा महिन्यांत त्याच्याबद्दल हसत बोलणारं माणूस तिला भेटलं नव्हतं.

"असतो घरीच," ती म्हणाली. "संध्याकाळचा."

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. मागच्या टेबलावर पत्रा घासून चकचकीत झालेला, त्यावर स्क्रू ठेवायला साबणाची डबी. पन्नाशी ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या मावशी वीस वर्षं याच टेबलावर मशीनं जोडत होत्या. गेम खेळणारी अख्खी जमात त्यांना मावशी म्हणायची आणि त्यांच्या शिव्या खायची. घड्याळात सव्वापाच झाले होते.

घरून निघताना आईने एवढंच विचारलं होतं, "सातच्या आत येशील ना?"

"येते की."

"मशीन घेऊन?"

"हो गं आई, मशीन घेऊन."

सातचं प्रकरण असं होतं. कॉम्प्युटर घरात एकच, आणि तो दोघांचा. दिवसा ताई त्यावर काम करायची. अजून बांधल्याही न गेलेल्या इमारतींच्या आतून फिरवून आणणाऱ्या फिल्म्स ती बनवायची, ज्यांत खोल्या असायच्या, खिडकीतून ऊन यायचं आणि माणूस एकही नसायचं. संध्याकाळी सातला ती खुर्चीवरून उठायची आणि कामावरून आलेला लंब्या गेम खेळायला बसायचा. बसला की मशीनचा पंखा घरघरायला लागायचा. तो गेला, नऊ दिवसांच्या तापाने, हां हां म्हणता गेला. त्यानंतर पाचव्या दिवशी ताईने बिलं शोधायला म्हणून मशीन लावलं. सात वाजले. ती स्वयंपाकघरात होती, खुर्ची रिकामी होती, आणि आतून तीच घरघर सुरू झाली.

आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. चाळीस मिनिटांनी घरघर थांबली तेव्हा कुठे ती तिथून हलली. दुसऱ्या दिवशी ती मटारची परात घेऊन त्या खोलीत आली, खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली आणि शेंगा सोलत राहिली. तेव्हापासून रोज. कधी भाजी निवडायला, कधी बटणं लावायला. ताईने एकदा मशीन बंद ठेवून पाहिलं, तर त्या रात्री आई जेवली नाही. तेव्हापासून काम असो नसो, सातला मशीन चालू असायचं. आईसाठी, असं ताई स्वतःला सांगायची. ती स्वतः त्या वेळी पलीकडच्या खोलीत भिंतीला पाठ लावून का बसते, हे तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

घरघर का होते, हे शोधून काढणं तिला अवघड नव्हतं. कोणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. तिने विचारलं नाही.

आता मात्र मशीन दुकानात आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. फिल्मची एकेक चौकट, म्हणजे एक चित्र, तयार व्हायला अकरा मिनिटं लागत होती आणि आर्किटेक्टने परवा सरळ सांगितलं होतं, पुढचं काम वेळेत जमणार नसेल तर दुसरीकडे देतो. घर ताईच्या एकटीच्या कामावर चाललं होतं.

"बोल," मावशी म्हणाल्या. "काम की गेम?"

"दोन्ही."

"सगळे दोन्हीच म्हणतात गं. नीट ऐक. तुझ्या कामाला हवेत कोर. कोर म्हणजे आतली डोकी समज. जितकी जास्त, तितकी चौकट लवकर. गेमला इतकी डोकी लागत नाहीत, त्याला हाताशी मोठी मेमरी लागते, प्रोसेसरच्या पोटातच. कामापुरता घेतलास तर हा." त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. "दोन्हींसाठी हवा तर हा. सोळा डोकी, शिवाय पोट मोठं. लंब्या ह्याच्याच मागे होता. पण हा तापतो. वर थंड करायला हे एवढं धूड बसवावं लागेल, मदरबोर्डही नवा. तू खेळतेस?"

"नाही."

"मग उगाच कशाला? तो खेळतो म्हणून? त्याला म्हणावं, स्वतः ये."

ताईने दुसरं खोकं उचललं. तळहातावर मावेल एवढ्या वस्तूला केवढं खोकं. पुढच्या वर्षी बघू, असं ती दोन वर्षं म्हणाली होती. माझं काम चाललंय ना यावर, तुझ्या खेळासाठी कशाला नवा, असंही म्हणाली होती.

"दोन्हींसाठीच द्या," ती म्हणाली.

मावशींनी खांदे उडवले. जुनं मशीन एकदा चालवून बघते, डिस्कची तब्येत कशी आहे ते कळेल, असं म्हणून त्यांनी स्क्रीन जोडला. तेवढ्यात कोणी मशीन परत करायला आलं, त्याच्याशी वीस मिनिटं वाद झाला. मग फोन. मग चहा. ताईची नजर घड्याळावरून हलेना. साडेसहाला ती म्हणाली, "मी उद्या आणू का परत?" मावशींनी हातानेच बस म्हटलं. पावणेसात झाले. घरी फोन करावा असं तिला वाटलं, पण करून सांगायचं काय?

सात वाजले आणि टेबलावरचं उघडं कॅबिनेट घरघरायला लागलं.

ताई उठून उभी राहिली. घरात भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज इथे हाताच्या अंतरावर होता, आणि पंखा डोळ्यांदेखत फिरत होता. हा इथे कसा आला, हा पहिला विचार तिच्या मनात आला. त्याला घर सोडून इथे का यावं लागलं? आणि तिकडे आई परात घेऊन मोकळ्या टेबलासमोर बसली असेल.

"बंद करू नका," ती मोठ्याने म्हणाली.

"बंद कोण करतंय?" मावशी चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं, पांढरीफटक पडलीस. काय झालं?"

"मावशी, तो नाहीये. तेरा महिने झाले. मी मघाशी खोटं बोलले." तिने टेबलाची कड धरली. "हे रोज सातला होतं. कोणी हात लावत नाही तरी होतं."

मावशींनी साबणाची डबी बाजूला सरकवली. मग पुन्हा जवळ ओढली. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि येऊन माउस हातात धरला. दुकानात घरघर आणि माउसची टिकटिक, एवढाच आवाज होता.

"इकडे ये," त्या हळूच म्हणाल्या. "बघ."

स्क्रीनवर छोटी विंडो उघडली होती. त्यात ठरावीक वेळी आपोआप करायच्या कामांची यादी होती, आणि यादीत काम एकच. रोज सायंकाळी ७.०० वाजता. नाव दिलं होतं: ताईचं काम.

"तुझ्या कामाच्या सगळ्या फायली हा प्रोग्रॅम गोळा करतो, दाबून लहान करतो आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. रोजच्या रोज, नवं काम असो नसो. म्हणून तापतं, म्हणून पंखा. जुना प्रोसेसर आहे, चाळीस मिनिटं फेस येतो त्याला." मावशींनी बोट तारखेवर ठेवलं. "तीन वर्षांपूर्वी लावलंय."

ताईने तारीख वाचली. त्या तारखेच्या चार दिवस आधी डिस्क बंद पडली होती आणि तिचं तीन आठवड्यांचं काम गेलं होतं. तेव्हा ती आईसमोर त्याला वाट्टेल ते बोलली होती. तुझ्या खेळापायी माझं मशीन मेलं, तुला काय, खेळायला मिळालं की झालं. तो खाली मान घालून बुटाची लेस ओढत बसला होता.

"पण मग," मावशी म्हणाल्या, "हे चालू असताना गेम चालणं शक्य नाही. सातला येऊन हा करायचा काय?"

काय करायचा ते ताईने दोन वर्षं पाहिलं होतं. तो खुर्ची उलटी फिरवायचा, लांब पाय पलंगावर टाकायचा आणि आईला हाक मारायचा. मशीन तापलंय गं, जरा थंड होऊ दे. मग आई परात घेऊन यायची आणि तो अर्ध्या शेंगा सोलायचा, अर्ध्या खायचा, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायचा. घरघर थांबली की म्हणायचा, चला मातोश्री, निघा आता. मशीनच भंगार आहे, एवढंच त्या दोन वर्षांत ताईच्या मनात आलं होतं.

ती खुर्चीवर बसली आणि रडली. मावशींनी तिला रडू दिलं. सात चाळीसला पंखा थांबला.

"नवा बसवला तरी हे राहील ना?" तिने विचारलं.

"डिस्क तीच आहे, जाईल कुठे? फक्त सोळा डोकी लागली की तीन मिनिटांत उरकेल. आवाजसुद्धा नाही येणार. तुला कळणारही नाही."

"कळलं पाहिजे." ताईने डोळे पुसले. "मावशी, ते हळू नाही का करता येणार?"

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "वीस वर्षं इथे बसतेय. हळू करून द्या म्हणणारी तू पहिली."

मग त्या कामाला लागल्या. लेसा एकेक करून सोडल्या, नवा बोर्ड बसवला आणि त्याच लेसांनी नव्या वायरी बांधल्या. मागचा जुना पंखा काढायला गेल्या आणि त्यांनीच विचारलं, "ह्याची बेअरिंग गेलीय, म्हणून ही घरघर. राहू दे ना?" ताईने मान डोलावली. शेवटी त्या पुन्हा त्या कामांच्या यादीत गेल्या.

"ह्या कामाला एकच कोर देते. त्याच्या बाहेर जायचं नाही असं सांगून ठेवते. आणि तो तापला की मागचा म्हातारा पंखा फिरेल. पंधरा तुझे, एक त्याचा. चालेल?"

"किती वेळ घेईल?"

"नव्याचा एकही जुन्या चौघांना भारी असतो बाई. पंचवीस मिनिटं धर."

ती घरी पोचली तेव्हा परातीत शेंगा तशाच होत्या. आईने उशिराबद्दल विचारलं नाही, जेवायला वाढलं. मशीनमध्ये काय निघालं ते सांगायला ताईने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी चौकटी भराभर निघाल्या. दुपारपर्यंत आठवड्याचं काम झालं आणि आर्किटेक्टला निरोपही गेला. सातला पाच कमी असताना ताई खुर्चीवरून उठली. आई परात घेऊन आली आणि स्टुलावर बसली. ताई आज पलीकडच्या खोलीत गेली नाही, पलंगाच्या कडेवर टेकली.

सात वाजले. काहीच झालं नाही. आईचा हात परातीत थांबला. मग मागचा पंखा एकदा अडखळला, आणि घरघर सुरू झाली. आईने पुढची शेंग उचलली.

सव्वासात. सात वीस. दोघी सोलत होत्या. सात पंचवीसला आवाज उतरत गेला आणि बंद झाला.

परात अजून निम्मी भरलेली होती. आईने घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"आज लवकर खेळायला लागला," आई म्हणाली.

"नवा प्रोसेसर घेतलाय ना, आई. दोघांसाठी."

आईने सालं पदरात गोळा केली. "बरं केलंस. केव्हाचा मागे लागला होता तुझ्या."

ती परात घेऊन उठली. दाराशी गेल्यावर तिने ताईला खुणेनेच बाहेर बोलावलं आणि आवाज होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.