निशिगंधाच्या वाटणीचा नमस्कार

तानाबाईचं तोंड म्हणजे गल्लीचा भोंगाच. सून निशिगंधा अंथरुणाला खिळल्यापासून तर तो थांबतच नव्हता. "उठली की डोकं दुखतंय, आडवी झाली की बरं वाटतंय! असलं दुखणं द्येव मलाबी दिऊ दे की!" ती शेजारणींना सांगायची आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. गारगोटीच्या आक्कांना, म्हणजे स्वतःच्या थोरल्या नणंदेलाही, तिनं हे फोनवर ऐकवलं होतं.

मग डॉक्टरांनी तानाबाईलाच समोर बसवून समजावलं. मेंदूभोवतीचं पाणी कण्यापाशी बारीक भोकातून गळतंय. उभं राहिलं की मेंदूचा आधार सुटतो आणि डोकं फुटायला लागतं. निशिगंधाच्याच हातातलं रक्त काढून त्यांनी तिच्या पाठीत सोडलं. त्यानं भोक बुजायचं होतं. दीड महिना वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर बुजलेलं पुन्हा सुटायचं. पोरीला काय काय बोललो, ते आठवून तानाबाईला स्वतःचीच लाज वाटली.

आता निशिगंधा ओट्यापाशी उभी राहून चहा करू लागली होती. खाली पडलेला चमचासुद्धा तानाबाई तिला उचलू देत नव्हती.

अशात आक्का आल्या. मानापानाला एकदम कडक बाई. त्यांना भेटायला शेजारणीही जमल्या. निशिगंधा सवयीनं पुढं झाली, आता वाकणार तोच तानाबाई किंचाळली, "ए! वाकू नगंस!"

आक्कांच्या कपाळाला आठी पडली. "व्हय गं, नमस्कारबी बंद? आन तूच की म्हणत हुतीस, समदं सोंग हाय म्हणून!"

निशिगंधानं मान खाली घातली.

"म्हणत हुते," तानाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "चुकलं माझं. पोरीला दुखत हुतं, आन मी गल्लीला हसवत बसले." तिनं वाकून आक्कांच्या पायांना हात लावला. "ह्यो माझा." पुन्हा वाकली. "आन ह्यो हिचा."

दुसऱ्यांदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला आणि बाई मटकन खालीच बसली. निशिगंधानं झटकन हात पुढं केला.

"हात लावू नगंस! वजन उचलायचं न्हाय तुला!" भोंगा परत वाजला. "आक्का, तुमीच उठवा की मला."

आक्कांनी ओठ आवळले, पण हात दिला. उठल्या उठल्या तानाबाईनं सुनेकडं पाहिलं. "डोकं?"

"उभी हाय की, आत्ती," निशिगंधा म्हणाली आणि रडता रडता हसली.