चन्नवीरसरांचा हेल

शिक्षिका व्हायचं माझ्या मनातही नव्हतं. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले ती वडिलांची हौस. बार्शीच्या धान्यबाजारातल्या व्यापाऱ्याची मुलगी इंग्रजी शिकलीय म्हटल्यावर स्थळं जरा बरी आली, एवढाच त्या पदवीचा उपयोग झाला. सोलापूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या चन्नवीरशी लग्न झालं, आणि काही वर्षांतच कावीळ होऊन तो गेला. संस्थेची माणसं भेटायला आली, सतरंजीवर बसली, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाली की बाईंनी बी.एड. करून घ्यावं, जागा आम्ही धरून ठेवतो.

मी हो म्हटलं. त्या दिवसांत कुणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणत होते. जेव म्हटलं की जेवायचे, झोप म्हटलं की आडवी व्हायचे. नातेवाईक बायका माझ्या डोळ्यांत पाणी शोधत होत्या आणि ते मिळेना म्हणून हिरमुसून परत जात होत्या. माहेरी राहून बी.एड. केलं. पाठाची टाचणं काढली, तक्ते रंगवले, चांगल्या मार्कांनी पास झाले. उन्हातून घरात आल्यावर थोडा वेळ काही दिसत नाही ना, तसं माझं वर्षभर चाललं होतं.

शहात्तरच्या जूनमध्ये सोलापूरला सासूबाईंकडे परतले आणि शाळेत हजर झाले. मुख्याध्यापक गुरुसिद्धप्पा सरांनी मला नववी ब दिली. या वर्गाला पाचवीपासून इंग्रजी चन्नवीरनंच शिकवलं होतं. तो गेल्यावर त्याच्या तासाला मोकळा असेल तो मास्तर येई, आणि पोरांना आपापलं वाचायला सांगून वर्तमानपत्र उघडून बसे. निम्मी पोरं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. बाकीच्यांत कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या मराठी. मी नावाड्याचा धडा काढायला लावला आणि म्हटलं, सगळे मिळून वाचा.

चन्नवीर वाचायला लागला.

दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. तो मूळचा अक्कलकोटकडचा, त्याच्या इंग्रजीला कन्नडचा हेल होता. वाक्यातला शेवटचा शब्द तो उचलून धरायचा, जरा झुलवायचा आणि मग अलगद खाली ठेवायचा. उद्याचा धडा तो आदल्या संध्याकाळी घरात फेऱ्या मारत मोठ्यानं वाचायचा, आणि मी त्याला चिडवायचे, की मास्तर, इंग्रजी शिकवताय की भाजी विकताय? आता तोच हेल चाळीस तोंडांतून येत होता. मी पूर्ण धडा उभ्यानं ऐकला. काही झालं नाही मला. खडू तेवढा हातात मोडला होता.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबले, तव्यावरची भाकरी करपली, तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मला एकडाव घिऊन चल," त्या म्हणाल्या. "वर्गाच्या मागं गप बसून ऐकीन की."

मी गुरुसिद्धप्पा सरांना विचारलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यात ऑगस्टमधली तपासणी होती. शिक्षणखात्याचे साहेब माझा वर्ग बघणार, आणि त्यावर माझ्या नेमणुकीची मान्यता ठरणार. या पोरांच्या हेलावर साहेबांनी मागेही शेरा मारला होता. चन्नवीर भांडला होता, पण तो नोकरीत कायम होता, त्याला भांडणं परवडत होतं. सरांनी स्पष्ट सांगितलं की आधी हेल घालवा, तपासणी होऊ द्या, मग आणा सासूबाईंना. नोकरी गेली तर आम्ही दोघी कुठं जाणार होतो? शिवाय मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय अशी थोडीच जाते. साहेबांपुरतं एक वाचन शिकवायचं, सासूबाईंसाठी दुसरं आहेच. सासूबाईंनाही ते पटलं.

मग मी कामाला लागले. मी वाक्य वाचायचं, वर्गानं मागून म्हणायचं; बी.एड.ला शिकवलेली रीत. कुणी शेवटचा शब्द उचलला की त्याला उभं करायचं, तो सरळ म्हणेपर्यंत बसवायचं नाही. मी ओरडले नाही, रागावलेही नाही. घोटून घेतलं, एवढंच. ऑगस्टमध्ये साहेब आले, ऐकून खूश झाले. मान्यतेचा कागद आला तेव्हा गुरुसिद्धप्पा सरांनी स्टाफला पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

पुढच्या शनिवारी सासूबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आल्या आणि शेवटच्या बाकावर पदर आवरून बसल्या. मी वर्गाला म्हटलं, आज चन्नवीरसर शिकवायचे तसं वाचा.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं शेवटचा शब्द उचलला तो भलताच वर नेला, आणि मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. दुसऱ्यांचा जागच्या जागी राहिला. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तेच. पोरं चेष्टा करत नव्हती. त्यांच्याकडे तो हेल राहिलाच नव्हता. शेवटी मी म्हटलं, राहू दे, रोजच्यासारखं वाचा. पोरांनी सबंध परिच्छेद न अडखळता वाचला.

सासूबाईंनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं.

"दाक्षायणी," त्या म्हणाल्या, "ही तर तुज्यासारकं वाचत्यात की. त्यो गेल्यापासनं तू असंच बोलतीस."

मी त्याला स्वच्छ वाचन समजत होते. ना चढ, ना उतार. मधल्या सुट्टीत मैदान डोक्यावर घेणारी पोरं, आणि धडा घरात कुणी गेल्यासारखा वाचत होती. हे मी त्यांना शिकवलं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. चन्नवीर गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते हे पहिलं.

मी पुस्तक उघडलं. त्याचं वाचन माझ्याइतकं कुणाला पाठ होतं? पहिलं वाक्य वाचलं, शेवटचा शब्द उचलून धरला, झुलवला, खाली ठेवला. वर्गानं मागून म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. मागच्या बाकावर सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. दुसऱ्या वाक्याचा शेवटचा शब्द मी उचलला आणि तिथंच माझा आवाज फाटला.

पोरांनी तेही शिकवल्याप्रमाणे माझ्या मागून म्हटलं. जिथं माझा आवाज फाटला, तिथंच त्यांनीही फाडला. कुणी हसलं नाही. मग मी टेबलाला धरून रडले, नववी ब च्या समोर, आणि तास संपायला अजून बराच अवकाश होता.