सगळं हिरवं

कुणाला सांगून पटायचं नाही, पटू नयेच, पण त्या चिकट चिटोऱ्याला तिच्या कुडत्यावर बसायचंच नव्हतं. 'पाहुणी' एवढंच त्यावर जाड पेनाने लिहिलेलं. दारातल्या माणसाने दिला तेव्हा तो तिच्या बोटाला असा डसला की सोडवता सोडवेना. तिथून सुटला तो पर्सला, पर्सवरून शेजारच्या गृहस्थांच्या कोपराला, आणि ते गृहस्थ चहा आणायला म्हणून उठले ते 'पाहुणी' होऊनच सगळ्या हॉलभर हिंडून आले – वाटेत कुणी अदबीने त्यांना पुढच्या रांगेत जागाही देऊ केली. खोटं वाटेल. वाटू दे. तिने हसू दाबत चिटोरा परत घेतला, तळहाताने कुडत्यावर दाबून धरला आणि मनाशी म्हणाली, हा बसो न बसो, मी बसणार. शेवटपर्यंत. ठरवल्याशिवाय इथून उठायचं नाही.

ठरवायचं काय, तर प्रोजेक्ट मॅनेजरांच्या संघटनेच्या ह्या स्थानिक शाखेचं सभासद व्हायचं की नाही. म्हटलं तर एवढंसं. पण ती कुठलीही गोष्ट एवढीशी ठेवायची नाही. ऑफिसात तिला सगळे 'तारीखबाई' म्हणत ते उगाच नाही. कुणी नुसतं "करतो" म्हटलं की हिचं ठरलेलं – "कोणत्या तारखेला?" सुताराला, डॉक्टरला, लिफ्टवाल्याला, सगळ्यांना एकच माप. नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही तिने म्हणे हेच विचारलं होतं, आणि तो बिचारा खिशात कॅलेंडर शोधायला लागला होता… तर आजही तिने तराजू बरोबरच आणला होता. एका पारड्यात महिन्यातला एक शनिवार, प्लास्टिकच्या खुर्च्या, वाचनालयाच्या माडीवरचा कोंदट हॉल. दुसऱ्यात? दुसऱ्यात अजून काहीच पडत नव्हतं. प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र टिकवायला लागणारे अभ्यासाचे तास भरले असते – पण तास तर घरी बसून, एका कानाने व्याख्यान ऐकत भाजी निवडतानाही भरतात.

"संघटना?" बाबा सकाळी म्हणाले होते. बाबा म्हणजे थापांचं कोठार. उभा जन्म कारखान्यांच्या धुराड्यांना रंग देण्यात गेला, आणि एक धुराडं आपण आतून, एका श्वासात रंगवलं असं ते आजही शपथेवर सांगतात. "अगं, आम्हा रंगाऱ्यांचीपण होती की संघटना. वर्षातून एकदा बसायचो. कोण पडला, आणि कशाने पडला, एवढंच बोलायचो. मग घरी."

"बस? आणि फायदा काय व्हायचा?"

"फायदा कसला डोंबलाचा! चहा मिळायचा."

ती तेव्हा हसली होती, चप्पल घालता घालता. पण जिना उतरताना ते हसू कुठेतरी अडखळलं, कारण डोक्यात आधीच दुसरं काहीतरी घोंघावत होतं – पण पूर्ण ताकदीने ते अजून एकदाही घोंघावलं नव्हतं, तीच तर भानगड होती… जनरेटर. तिच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या नव्या इस्पितळाच्या तळघरातला, पिवळा, नवाकोरा, हत्तीएवढा. पुढच्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी, जुन्या इस्पितळातले रुग्ण तिथे हलवायचे, त्यांत श्वासाच्या मशीनवरचेही. परवा सोमवारी तिने हो म्हणायचं, की मग रुग्णवाहिका निघणार. आणि इथे येण्याआधी, वाट वाकडी करून, ती तळघरात उतरली होती. आतापर्यंत फक्त एका मजल्याच्या दिव्यांवर चालवून पाहिलेलं ते धूड; आज ती म्हणाली, लिफ्ट जोडा. जोडल्या. धाड्कन स्विच पडला, धूड थांबलं आणि तळघर असं काळंकुट्ट झालं की स्वतःचा हात दिसेना.

"नवीन आहे मॅडम," अंधारातून वीज-इंजिनियरचा आवाज आला, लाडक्या पोराची समजूत काढावी तसा. "नवीन नवरीसारखं रुसतं. सोमवारी बघू की."

"सोमवारी किती वाजता?"

"बघू की."

आणि ती वर आली, उजेडात, आणि गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर आठवड्याच्या अहवालात 'पर्यायी वीज' ह्या ओळीला हिरवा रंग दिला. लाल म्हणजे बुडालं, पिवळा म्हणजे डुगडुगतंय, हिरवा म्हणजे निर्धास्त झोपा. सहज दिला, जसा आधीच्या आठवड्यात दिला होता, त्याच्या आधीच्या आठवड्यातही… बोटाला सवयच होती. झाकली मूठ. आणि ती उघडणार कोण? इस्पितळाचे मोठे डॉक्टर हृदयरोगातले. माणसाच्या छातीला कान लावून ते त्याच्या आजोबांचा आजार सांगतील, पण डिझेलच्या नाडीशी त्यांचा काय संबंध? हिरवं दिसलं की ते समाधानाने मान हलवतात. "तारीखबाई आहेत, मग काळजी नाही." ते असं म्हणाले की तिला आत खोल कुठेतरी गारठा भरतो. मी म्हटलं म्हणून खरं? कुणी एकानेही उलटून विचारू नये? एवढ्या मोठ्या इमारतीत मीच एकटी हे काम जाणणारी, म्हणजे मी बोलेन ते…

"आता आपल्या नव्या पाहुण्या!"

टाळ्या. तिने वर पाहिलं. इथली रीत अशी, की नव्या माणसाने उभं राहून आपलं चालू काम सांगायचं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. वेड्यांचा बाजार, तिला वाटलं. सल्ला नाही तर येतात कशाला? चष्मेवाले, ढेरीवाले, एक जण चक्क डुलक्या घेणारा. दुसऱ्या रांगेत पायात कॅनव्हासचे बूट घातलेली एक धिप्पाड बाई, शीतगृहं बांधणारी म्हणून मघाशी ओळख झालेली, बशीत बिस्किट बुडवत होती, आणि बिस्किट मोडून चहात पडलं म्हणून त्या बिस्किटावर रागावली होती. ह्या मंडळींकडून मी शिकायचं? पारडं जागचं हललं नाही. ठरलं तर मग – बोलायचं, झकास बोलायचं, चहा संपवायचा आणि परत यायचं नाही.

आणि ती बोलायला लागली. रविवारी स्थलांतर, सगळ्या तारखा पाळल्या, इमारतीत अजून एक खाट नाही की एक मशीन नाही पण फरशी अशी चकचकीत की… लोक ऐकत होते. ऐकणारी माणसं मिळाली की बाबांची ती लेक जागी होते, तिला काय करणार! पर्यायी वीज? जनरेटर पहिल्याच चाचणीत पास. पूर्ण भारावर. दिवा मिणमिणला नाही. वरच्या मजल्यावर रंगारी शिडीवर उभा होता, त्याला कळलंसुद्धा नाही. त्याच्या हातात चहाचा कप होता, त्यावर तरंग उठला नाही. आवाज? आवाजच नाही; एक कबुतर जनरेटरवर झोपलेलं होतं ते झोपलेलंच राहिलं… हॉल हसला, डुलक्यावाला जागा झाला, तिला मजा यायला लागली, आणि त्या मजेच्या बरोबर मधोमध, हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहताना, तिला लख्ख जाणवलं की इथेही तेच. इथेही मान हलवणार. जगात कुठेही गेलं तरी माना हलवणारीच माणसं… रविवारी रुग्णवाहिका निघणार, आणि मी एकटी त्या तळघरात.

"एक विचारू का हो?" बशी खाली ठेवून ती धिप्पाड बाई म्हणाली. "पूर्ण भार म्हणालात."

"हो. पूर्ण भार."

"लिफ्ट, हवा खेळवायच्या मोटारी, क्ष-किरणाची मशीनं, सगळं एकदम?"

"सगळं." आवाज तिचाच, पण थोडा उंच.

"म्हणजे बघा, मला आपलं समजून घ्यायचंय. माझ्याकडे एकदा वीज गेली आणि कोठारभर मासळी सडली, तेव्हापासून मला ह्या जनरेटरांचा सोस आहे." कुणीतरी हसलं. बाई हसली नाही. तिने बोटाने बशीच्या कडेचा बिस्किटाचा लगदा पुसला, सावकाश, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं; त्या बघण्यात खोच नव्हती, हेवा नव्हता, एखाद्या भिंतीवर हात ठेवून ओल कुठे आहे ते चाचपावं तसं ते बघणं होतं. "चाचणी कधी झाली?"

"आज. सकाळी."

"आणि इमारतीत अजून एक मशीन आलेलं नाही."

हॉलमधला पंखा फिरत होता. एवढ्या महिन्यांत, एवढ्या बैठकांत, टाय लावलेल्या आणि पांढऱ्या कोटातल्या एवढ्या माणसांपैकी कुणालाही असा प्रश्न पडला नव्हता; आणि तो आता समोर उभा होता, इतका साधा, की तिला आधी राग आला, मग कानशिलं तापली, आणि मग – हे तिचं तिलाच पटेना – काहीतरी सैल होत खाली उतरायला लागलं, कितीतरी आठवडे एकटीने डोक्यावर धरून ठेवलेलं. उत्तर होतं तिच्याकडे. भार भाड्याने आणला, असं म्हणता आलं असतं. चाचणीपुरती वीज खाणाऱ्या तशा पेट्या मिळतात. जिभेच्या टोकावर होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, खुर्चीची पाठ धरली, पाय रोवले, आणि त्या बाईकडे सरळ पाहत राहिली. विचार, ती मनात म्हणाली. थांबू नकोस. मी हलत नाही इथून, तू विचार… दुसऱ्या पारड्यात पहिल्यांदाच काहीतरी पडलं होतं.

"मग रिकाम्या इमारतीवर पूर्ण भार आणलात कुठून?" बाई म्हणाली. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी घरच्यासारखं म्हणाली, "खोटं आहे हे, ताई."