करवतीचा एक ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीचा नव्हे, झोपाळ्याचा तर नव्हेच. मी झाडावर चढणाऱ्यांचा दोर आहे. आज मी जेमतेम हातभर उरलोय, पण एके काळी पंचेचाळीस मीटर होतो आणि त्याचा मला फार तोरा होता.

कारखान्यात यंत्राने आधी माझा पांढरा गाभा विणला, मग त्यावर नारिंगी कातडं चढवलं. तिथून मी दोन माणसांच्या हाती आलो. काका आयुष्यभर झाडांवर चढले होते. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर ते खाली उभे राहून दोर सांभाळायचे. वर चढायची त्यांची पुतणी. तिला ते खारूताई म्हणायचे. वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडायच्या आत उतरवायची, वादळात चिरलेलं झाड वाचवायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं.

पहिल्याच दिवशी आम्ही एका निलगिरीवर गेलो. काकांनी बारीक दोरी बांधलेली वजनाची पिशवी झुलवून उंच फांदीवरून पलीकडे फेकली आणि त्या दोरीमागून मी सरसर वर गेलो. वर पोहोचलो आणि माझी मतीच गुंग झाली. खालून खांबासारखं ताठ दिसणारं ते झाड वर सबंध हलत होतं, संथपणे, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं. घरं काडेपेट्यांएवढी झाली होती. खारूताईसुद्धा काम विसरून सालीवर तळहात ठेवून बसली.

"मुक्काम ठोकलास की काय?" खालून काकांनी विचारलं.

"काका, हे श्वास घेतंय."

"घेणारच. तुझ्या पणजोबांच्या आधीपासून घेतंय. त्याला त्रास न देता काम कर."

अशी सहा वर्षं गेली. ते झाडांचं डोलणं मला कधी जुनं वाटलं नाही. रोज सकाळी आधी खारूताई आणि मग काका मला उघड्या बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपायचे, वितीवितीवर वाकवून पाहायचे. दोनदा कशाला, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "विश्वास माणसावर, तपासणी दोराची."

एका संध्याकाळी शेवटची फांदी राहिली होती. खारूताईने घाईत एका हाताने करवत ओढली आणि तिचे दात मला चाटून गेले. ताणलेल्या दोराला तेवढंही पुरतं. माझं कातडं फाटलं. झाडाचा लाल डिंक त्यावर बसला आणि जखम झाकली गेली. तिला ते कळलं होतं, पण 'नुसतं खरचटलंय' अशी तिने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेमागची सर्वांत उंच निलगिरी होती. "मी तपासलाय, काका. चला," ती कमरपट्टा आवळत म्हणाली. मित्रांनो, मला तोंड नाही याचं त्या दिवसाइतकं दुःख कधीच झालं नाही. तिचा सगळा भार माझ्यावर येणार होता. काकांनी नेहमीप्रमाणे हातमोजे काढले आणि मला चाचपायला घेतलं. ती मान खाली घालून उभी होती. बोटं त्या जागेपासून वावभर लांब असताना तिला राहवेना.

"काका, पुढे डिंक लागलाय ना, तिथे... काल करवत लागली."

काकांनी मला तिथे वाकवलं. पांढरा गाभा दिसला, जवळजवळ अर्धा कापलेला. त्यांनी कापावरून अंगठा फिरवला.

"माझ्या बोटांना सापडलंच असतं," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस. आता मला खाली निवांत उभं राहता येईल."

मग त्यांनी सुरी काढली आणि माझे तुकडे केले. चुकूनही कुणी अशा दोरावर चढू नये म्हणून या कामात तशी रीतच आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? जखमेचा तुकडा मात्र त्यांनी सामानाच्या खोलीत दाराशी खिळ्याला टांगला. तो मी.

खारूताईकडे आता निळा दोर आहे. कामाला निघताना ती रोज माझ्या जखमेवर बोट टेकवते आणि मगच बाहेर पडते. मित्रांनो, ज्याच्यावर जीव टांगायचा, त्याला आधी नीट हात लावून बघा. आणि चूक झाली असेल, तर पाय जमिनीवर असतानाच सांगून टाका.